रंगूमावशीचं ओलं पोतं

रंगूमावशी आमच्या घरी आली की चहा ओतायच्या आधी रिकामा कप मागून घेते. तिच्या उजव्या करंगळीत तांब्याचं एक वळं आहे. ते ती कपाच्या कडेला हळूच लावते, कान जरा तिरका करते, आणि मग कप परत देते. कधी कधी देत नाही. बाजूला ठेवते आणि म्हणते, "ह्यो बदला." आमच्या घरातले चार-पाच कप असे गेले. माझी बायको विजयमाला सुरुवातीला चिडायची. तडा कुठं दिसतोय, म्हणायची, आणि तोच कप हट्टानं वापरायची. पंधरा-वीस दिवसांनी कपाचा कान हातात राहायचा आणि कप फरशीवर. मग तिचं चिडणं थांबलं. आता नवीन कप आणले की विजयमालाच दारात उभी राहून समोर हाक मारते.

समोर म्हणजे रस्त्यापलीकडं. इस्लामपुरात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आणि रंगूमावशीचं सोड्याचं दुकान, दोन्ही चाळीस वर्षं एकमेकांकडं तोंड करून आहेत. तिचं आता बंद असतं. गोटीचा सोडा पिणारी माणसं कमी झाली आणि तिचे गुडघेही थकले. पण फळ्यांच्या आत यंत्र आहे, लाकडी पेट्या आहेत, आणि जिथं तिचं ओलं पोतं टांगलेलं असायचं तो खिळा आहे.

ती मूळची आटपाडीकडची. वडील मेंढरं घेऊन पावसाळा सोडून आठ महिने फिरायचे. तिचं लहानपण कळपामागं गेलं. पुढच्या मेंढ्यांच्या गळ्यात घंट्या असायच्या आणि प्रत्येक घंटीचा आवाज घरातल्या पोरांना पाठ असायचा. धुक्यात कळप दिसत नसला तरी कोण कुठं आहे हे कळायचं. घंटीला चीर गेली की आवाज बसायचा. बसलेला आवाज लांब जात नाही, आणि मेंढी चुकते. म्हणून चीर डोळ्याला दिसायच्या आधी कानानं पकडायची. हे तिला वडिलांनी शिकवलं, की आपोआप आलं, ते ती सांगू शकत नाही. लग्न होऊन ती इस्लामपूरला आली तेव्हा तिचा नवरा गुंडा नुकताच सोडा भरायला लागला होता. बाटल्या फुटायच्या. जुन्या, हजार वेळा भरलेल्या बाटल्या, त्यात गॅसचा दाब. गुंडाच्या हातांवर पांढऱ्या रेघा होत्या. तिनं आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक बाटली वळ्यानं वाजवायला सुरुवात केली, आणि वाईट निघालेल्या बाटल्या मागच्या खड्ड्यात टाकल्या. गुंडा म्हणाला होता, अशानं दुकानात बायकोच राहील, बाटली राहणार नाही. पण त्यानंतर बाटल्या फुटणं जवळजवळ थांबलं.

दुसरं तिनं काय केलं तर पोतं. यंत्रातून भरलेली बाटली काढताना तिच्यावर ओलं पोतं टाकायचं, पोत्यासकट धरायची. फुटली तरी काच पोत्यात राहते. सुकं पोतं उडतं, ओलं बसून राहतं. हा नियम तिचा. गुंडा कधी पाळायचा, कधी नाही.

आमचा दिग्विजय शाळा सुटली की तिच्या दुकानात पेटीवर बसायचा. विजयमाला शाळेत शिकवायची, घरी यायला तिला उशीर व्हायचा. त्याला भूक लागली की मावशी, पडला की मावशी. आज तो तेहतीस वर्षांचा आहे आणि साताऱ्यात राहतो. कासच्या रस्त्याला एक हॉटेल आहे, तिथं खाण्यापिण्याचं सगळं तो बघतो. बायको सोनिया शाळेत शिकवते. गेल्या वर्षी मावशीच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचं ठरलं, तेव्हा तिची मुलगी क्रांती नवऱ्याबरोबर पठाणकोटला होती. जावई फौजेत, रजा मिळेना. दिग्विजयचा फोन आला. म्हणाला, मावशीला साताऱ्याला आणा, माझ्या घरी राहू दे, ऑपरेशन इथंच करू. मी तिला घेऊन गेलो.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. शनिवारी पट्टी निघाली आणि काळा चष्मा आला. खाली वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, दर चार तासांनी थेंब. सोनियानं थेंबांच्या वेळा फोनला लावून ठेवल्या होत्या. फोन वाजला की मावशी मान वर करून बसायची, शाळेत हजेरी लागल्यासारखी.

रविवारी दुपारी दिग्विजयच्या हॉटेलचे मालक जेवायला येणार होते. राजवर्धन त्यांचं नाव. दिग्विजयला हॉटेलात वाईनचा वेगळा कोपरा करायचा होता. पुण्याकडून येणारी माणसं एखादा ग्लास मागतात, पूर्ण बाटली मागत नाहीत. बाटली उघडली की दोन-तीन दिवसांत उरलेली आंबते, फेकून द्यावी लागते. म्हणून राजवर्धन नको म्हणायचे. दिग्विजयनं त्यावर एक यंत्र शोधलं होतं. इंटरनेटवरून मागवलेलं. हातात मावेल एवढं. त्याची बारीक सुई बुचातून आत जाते. यंत्रात अंगठ्याएवढी नळकांडी बसते, तिच्यात गॅस कोंबून भरलेला. खटका दाबला की गॅस बाटलीत शिरतो आणि वाईन सुईतून बाहेर येते. बूच काढावंच लागत नाही. सुई बाहेर काढली की बूच पुन्हा मिटतं, आत हवेच्या जागी तो गॅस, आणि उरलेली वाईन महिनोन्महिने तशीच. राजवर्धन म्हणाले होते, आधी तुझ्या घरी करून दाखव, मग हॉटेलचं बोलू. जमलं तर तो कोपरा दिग्विजयच्या ताब्यात येणार होता. आठ वर्षं दुसऱ्यांच्या टेबलांवर उभा राहिलेल्या माणसाला एक टेबल स्वतःचं मिळणार होतं. घरात सगळ्यांना हे माहीत होतं, म्हणून सोनिया सकाळपासून पडदेसुद्धा सरळ करत होती.

अकराच्या सुमारास दिग्विजयनं सराव म्हणून एक बाटली घेतली. मी सोफ्यावर. मावशी खिडकीकडं पाठ करून खुर्चीत, काळा चष्मा लावून. आपल्याला वाटेल झोपली आहे. दिग्विजयनं सुई आत घातली, खटका दाबला. फस्स आवाज आला आणि ग्लासात लाल धार पडली.

मावशी ताठ झाली.

"दिगू, ग्यास हाय व्हय रं त्यात?"

दिग्विजय म्हणाला की आहे, पण साधा आहे, पेटत नाही, वास नाही, विषारी नाही.

"पेटायचं कोन म्हनतंय. दाब हाय का?"

दाब आहे, त्यानं सांगितलं. दाबानंच तर वाईन वर येते. त्यानं खटका पुन्हा दाबला. धार मंद झाली की तो आणखी दाबायचा.

"मग ह्याचं पोतं कुठं हाय?"

आम्ही हसलो. स्वयंपाकघरातून सोनियाही हसली. दिग्विजयनं तिला समजावलं की हे बाहेरच्या देशातलं यंत्र आहे, आपल्या सोड्याच्या यंत्रासारखं नाही, ह्याला पोतं नसतं.

"देश कुठलाबी असू दे," मावशी म्हणाली. "मानसानं काचंत दाब भरला की त्याला कवातरी लागलंय. लागलंय म्हंजे त्यानं पोतं केलंय. शोध जा."

दिग्विजयचा हात खटक्यावर थांबला. त्याला काहीतरी आठवलं होतं. तो उठला, कपाटातून यंत्राचा रिकामा खोका काढला आणि त्यातला कागद उलगडला. खोक्यात यंत्राबरोबर एक जाड काळं कापड आलं होतं, बाटलीच्या आकाराचं, चेन लावलेलं. त्याला वाटलं होतं, ते बाटली गार ठेवण्यासाठी, शोभेसाठी. कागदाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की हे कापड घातल्याशिवाय यंत्र वापरू नका, बाटली फुटू शकते. टवका गेलेली किंवा आपटलेली बाटली तर मुळीच घेऊ नका. तो पुढचं मनातल्या मनात वाचत गेला. मध्येच मान वर करून त्यानं स्वयंपाकघराकडं पाहिलं. गॅसच्या नळकांड्यांचा डबा शेगडीच्या वरच्या फळीवर होता. कुठं ठेवायचा म्हणून तिथं ठेवलेला. कागदात उष्णतेपासून लांब ठेवा असं होतं. सोनियानं डबा उचलला आणि बेडरूममध्ये नेऊन ठेवला.

"आणि ते काळं कापड?" मी विचारलं.

सोनिया दारात आली. तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ते कापड तिला आवडलं होतं. शाळेत न्यायच्या तिच्या स्टीलच्या बाटलीला ते सैल व्हायचं, म्हणून तिनं शिंप्याकडून दोन बोटं आत घेऊन शिवून घेतलं होतं, आणि चेन काढून टाकली होती. पाणी दुपारपर्यंत गार राहतं, ती म्हणाली. तिनं तिची बाटली आणून दाखवली. काळा कोट घातलेली, वर लाल धाग्यानं सोनियाचं नाव. वाईनची बाटली त्यात अर्धीसुद्धा जाईना.

मला तिच्यावर हसू आलं नाही. आमच्या घरात असंच असतं. औषधाच्या खोक्यात सुया, बिस्किटाच्या डब्यात पापड, लग्नातल्या पिशवीत वीजबिलं. वस्तूबरोबर जे येतं ते दुसऱ्या कामाला लावायचं, ते मुळात कशासाठी होतं हे विचारायचं नाही. ते कापड पोतं होतं हे फक्त एकाच बाईनं ओळखलं, तेही न बघता.

मावशीनं बाटल्या आणायला सांगितल्या. चार होत्या. तिनं एकेक मांडीवर घेतली. भरलेल्या बाटलीचा आवाज वरून येत नाही, बुडाशी घ्यावा लागतो. तिनं वळं बुडाला लावलं, बाटली थोडी फिरवली, पुन्हा लावलं. पहिली तीन झाली. चौथीला ती थांबली. दोनदा फिरवली. मग जमिनीवर न ठेवता माझ्या हातात दिली.

"ही नको."

नेमकी तीच बाटली दिग्विजयला हवी होती. पलूसचा त्याचा मित्र पृथ्वीराज, स्वतःच्या बागेतली द्राक्षं तिथल्या एका लहान कारखान्याला घालतो. त्या द्राक्षांची ही वाईन. दिग्विजयनं मोटरसायकलच्या पिशवीत घालून आणलेली, दुसऱ्या बाटलीला वाटभर टेकून, सगळे गतिरोधक खात. राजवर्धनना हीच चाखवायची असं त्यानं पृथ्वीराजला कबूल केलं होतं. कोपऱ्यात आपल्या भागातली वाईन ठेवायची, हाच तर त्याचा सगळा बेत.

त्यानं बाटली खिडकीत नेली. उजेडात फिरवून बघितली. बोट फिरवलं. मीही बघितलं. एक रेघसुद्धा नव्हती.

"आवं मावशी, काही नाही हिला. बघा तरी."

"बघू कशानं, एक डोळा डॉक्टरकडं हाय आन एक म्हातारा. उजेडात दिसत न्हाई ते. ऐकू येतं."

त्यानं तिला समजावायचा प्रयत्न केला. आवाज हळू होता, पण मला त्याची घाई दिसत होती. सोड्याच्या बाटलीत किती दाब असतो आणि ह्यात किती, कितीतरी कमी. दोन ग्लासांचा प्रश्न आहे. मी टॉवेल गुंडाळतो. चेहरा लांब ठेवतो. आणि राजवर्धन दीड वाजता येतायत. शेवटी तो म्हणाला की मावशी, तुमचं यंत्र होतं तेव्हाचं वेगळं, दर वेळी तुम्हाला भीतीच वाटते.

तिनं बांगड्या मागं सारल्या. मला वाटलं रागावली. मग तिनं काळा चष्मा काढला. डॉक्टरनं काढू नका सांगितलं होतं. सोनिया पुढं झाली, मावशीनं हातानं तिला थांबवलं.

"तुझ्या गुंडाकाकाचा डोळा मी घालवला, दिगू."

गुंडाचा डोळा जत्रेत गेला, हे सगळ्या गावाला माहीत होतं. दिग्विजय तेव्हा सहा वर्षांचा होता. गाव म्हणायचं, गुंड्याला पोत्याचा कंटाळा, घाईत पोतं न टाकता बाटली काढायला गेला आणि ती तोंडावर फुटली. गुंडानंही तेच सांगितलं. पुढं तो चौदा वर्षं जगला, बाटल्या धुवायचा, यंत्र मावशी चालवायची. कुणी विचारलं तर हसून म्हणायचा, माझीच मस्ती.

"पाठीवर मानसं हुती जत्रंत," मावशी सांगत होती. "मी बाटल्या देत हुते, त्यो भरत हुता. एक बाटली हाताला आली. वाजवली. आवाज बसका आला. म्हनलं बाजूला ठिवावी. तवर त्यानं हात फुडं केला. दिली मी. दोनच शबुद बोलायचे हुते, ही नको म्हनून. गर्दीत कोन ऐकतंय, म्हनून बोलले न्हाई. आज गर्दी न्हाई. आज बोलले. आता तुझं तू बघ."

तिनं चष्मा परत लावला. सोनियाच्या फोनमधली थेंबांची घंटी वाजली. कोणी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. घंटी वाजून वाजून बंद पडली.

दिग्विजयनं बाटली जपून सोफ्यावर आडवी ठेवली. मग त्यानं यंत्र पुसलं, नळकांडी काढली, सगळं खोक्यात भरलं. पृथ्वीराजची बाटली टेबलावर मधोमध ठेवली आणि ड्रॉवरमधून साधा बूच काढायचा पेच आणून तिच्या शेजारी ठेवला. नंतर मावशीच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "थेंब घालू का?"

"वाकू नगंस म्हनलाय डॉक्टर."

"तुमाला म्हणलाय. मला नाही."

ती हसली. त्यानं थेंब घातला.

राजवर्धन दीड वाजता आले. मोठे, मोकळे गृहस्थ. आल्या आल्या त्यांनी यंत्र कुठं आहे विचारलं. मला वाटलं दिग्विजय काहीतरी सबब सांगेल, नळकांडी संपली वगैरे. त्यानं खरं सांगितलं. यंत्र आहे, त्याचं संरक्षणाचं कापड बायकोच्या पाण्याच्या बाटलीला शिवलंय, त्याशिवाय मी ते चालवणार नाही, आज बाटली हातानं उघडतो. राजवर्धननी सोनियाकडं पाहिलं, तिनं पदर सावरला.

"म्हणजे वऱ्हाड दारात आलं आणि नवरदेवाचा कोट शिंप्याकडं," ते म्हणाले. हसले. पण त्यांचं हसणं मला पुरतं कळलं नाही. दिग्विजयलाही कळलं नाही, कारण जेवताना त्याचा घास दोनदा हातातच राहिला. पृथ्वीराजच्या द्राक्षांची वाईन त्यांना आवडली. दोन ग्लास घेतले. वाईनच्या कोपऱ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मावशीच्या डोळ्याची चौकशी केली, तांबडा रस्सा पुन्हा मागून घेतला, आणि तीन वाजता गेले.

घर एकदम रिकामं झालं. दिग्विजय गॅलरीत जाऊन उभा राहिला. अजिंक्यताऱ्यावर ऊन होतं. मी आतच थांबलो. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात मलाही वाटत होतं की एका म्हातारीच्या कानासाठी पोराची आठ वर्षं गेली. बाटली उघडली, ओतली, प्यायली. कुठं काय झालं?

रिकाम्या बाटल्या मी इस्लामपूरला नेणार होतो. विजयमालानं सांगितलं होतं, काकवी भरायला हव्यात. सोनिया त्या धुवायला लागली. चिकट वास राहू नये म्हणून तिनं पातेल्यात पाणी तापवलं आणि बाटलीत ओतलं. सराव केलेल्या बाटलीला काही झालं नाही. मग तिनं पृथ्वीराजची बाटली घेतली.

टप असा एक आवाज आला. मोठा नव्हता. सुपारी पडावी एवढा.

"गेली का?" मावशीनं खुर्चीतून विचारलं.

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. सोनियाच्या हातात बाटली होती, तिला बूड नव्हतं. बूड बेसिनमध्ये पडलं होतं, चपटं, गोल, कडेनं अख्खा वळसा घातलेली धार. जणू कुणी आतून मापून कापलं होतं. गरम पाणी तिच्या बोटांवरून खाली गेलं होतं, बोटं लाल झाली होती, बाकी काही नाही. दिग्विजयनं ते बूड उचललं. उजेडात धरलं. आता चीर दिसत होती, कारण आता तिथं काच नव्हती.

त्यानं दुसऱ्या हातानं स्वतःच्या गालाला हात लावला. मग डोळ्याला. यंत्र धरताना बाटली त्याच्या तोंडापासून वीतभर असायची, सुई नीट बसली का बघायला तो वाकायचा. मी सकाळी बघितलं होतं.

"गेली, मावशी," तो म्हणाला.

"बरं झालं. हितं गेली." ती एवढंच बोलली. तिला उठून बघावंसंही वाटलं नाही.

देवाचे आभार मानायची मला सवय नाही. त्या दिवशी मी बेसिनपाशी उभा राहिलो आणि कुणाचे मानायचे हे मला नीट माहीत होतं, पण बाहेर जाऊन बोलता आलं नाही. सोनियाच्या बोटांवर गार पाणी ओतत राहिलो.

बुधवारी डॉक्टरनं सोडलं. आम्ही एसटीनं निघालो. मावशी खिडकीशी, काळ्या चष्म्यातून नव्या डोळ्यानं बाहेर बघत होती. उसाच्या ट्रॉल्या मोजत होती. उंब्रज गेलं तेव्हा मी बोललो. मला सव्वीस वर्षं लागली होती.

जत्रेच्या त्या दिवशी गुंडाला जीपनं मिरजेला मी नेलं होतं. मावशी दुकानात थांबली होती, यंत्रात गॅस होता. जीपमध्ये गुंडाचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तोंडावर तिचंच ओलं पोतं. इस्लामपूर मागं पडल्यावर तो बोलला होता. ते मी तिला जसंच्या तसं सांगितलं.

"तो म्हणाला, भाऊसो, बाटली देताना तिचा हात थांबला हुता. मी बघितलं. तिनं हात थांबवला की बाटली घ्यायची न्हाई, एवढं मला कळतंय. तरीबी वढली. गर्दी बघून डोकं फिरलं. तिला सांगू नगंस मी बघितलं म्हनून. तिला वाटंल मी तिच्यावर ढकलतोय."

मावशी बाहेरच बघत होती. कऱ्हाड आलं. बस स्टँडवर थांबली, माणसं उतरली, चढली. केळीवाली खिडकीशी येऊन गेली.

"त्यानं बघितलं हुतं," ती म्हणाली.

"व्हय."

"आन तरीबी वढली."

"व्हय."

"मग मी एवढी वर्सं कुनाचं ओझं वागवलं?"

मी हातातल्या तिकिटाची घडी घालत राहिलो.

"आन तुमी बी गप बसला. सव्वीस वर्सं समूर बसून."

"त्यानं सांगितलं हुतं."

"त्यो सांगंल आन तुमी ऐकाल. गड्यांची जातच ही." तिनं चष्म्याच्या खालून पदर नेला. मी म्हणालो की डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. "आतलं पानी चालतंय," ती म्हणाली. "बाहीरचं नगं म्हनलाय." मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "बरं केलं सांगितलं. आज सांगितलं ते बी बरं."

मला वाटतं त्या क्षणी मी माझ्या मुलाच्या डोळ्यांबद्दल तिचे आभार मानायला हवे होते. मी तिच्यासाठी केळी घेतली.

इस्लामपूरला उतरल्यावर तिनं मला आधी दुकानाच्या फळ्या काढायला लावल्या. खिळ्याचं पोतं काढलं. कडक झालं होतं. दोन दिवस पाण्यात भिजवून ठेवलं आणि मग नीट वाळवून, वाईनच्या बाटलीच्या मापानं दुहेरी शिवलं, दाभण घेऊन, चष्मा लावूनच. कंपनीचं काळं कापड दिग्विजयनं पुन्हा मागवलं होतं, ते आलंही. पण त्याच्यावरून तो मावशीनं पाठवलेलं हे पोतं ओलं करून घालतो. राजवर्धननी महिनाभरानं त्याला बोलावून घेतलं. म्हणाले, त्या दिवशी तू कापडाशिवाय यंत्र चालवलं असतंस तर मी नाहीच म्हणणार होतो. घाईचा माणूस गॅसच्या कामाला नको. कोपरा सुरू आहे. फार मोठा नाही. पृथ्वीराजच्या बागेची वाईन पहिल्या रांगेत असते.

बुडाचा तो गोल तुकडा दिग्विजयनं कागदात गुंडाळून खणात ठेवला आहे. नवीन माणूस कामाला आला की आधी तो दाखवतो.

परवा त्याचा फोन आला तेव्हा मावशी आमच्याकडंच चहाला बसली होती. मी फोन तिच्या कानाला लावला. त्याच्याकडं दहा बाटल्यांची नवी पेटी आली होती. त्यानं फोन टेबलावर ठेवला असावा, खट् असा आवाज आला. मावशीनं कान तिरका केला. कासच्या रस्त्यावरून इस्लामपूरच्या आमच्या स्वयंपाकघरात एकेक बाटली वाजत येत होती. टण्. थोडं थांबून, टण्. विजयमालानं गॅस बारीक केला, चहाचा आवाज होऊ नये म्हणून. सहावीपाशी मावशीनं हात वर केला, जणू तो समोर आहे.

"ही नको," ती म्हणाली.

तिकडून तो म्हणाला, "ठेवली बाजूला."